विजारीच्या आतलं पांढरं

हेगेला किळस फार. आमच्या सेतेस्डालच्या खोऱ्यात कुणी फिडल वाजवण्यासाठी ओळखला जातो, कुणी चांदीच्या बटणांसाठी. हेगे ओळखली जायची ती नाकासाठी. कुणाकडे कॉफीला गेली की आधी कपात डोकावायची, मग कप देणाऱ्या हाताकडे बघायची, मग त्या हाताच्या नखांकडे, आणि एवढं सगळं पसंत पडलं तरच कप तोंडाला लावायची. पाद्रीणबाईंकडची आंबट सायीची लापशी तिनं जन्मात कधी संपवली नाही, कारण त्यांचं मांजर एकदा त्या पातेल्यात बसलेलं तिला दिसलं होतं. मांजर केव्हाच मेलं, पातेलंही बदललं, पण हेगेचं आपलं एकच पालुपद, “मी बसलेलं पाहिलंय.”

आता तुम्हाला वाटेल, बाई नाजूक असेल. कसली नाजूक! बकरी अडली तर कोपरापर्यंत हात घालून करडू ओढून काढणारी बाई ती. तिच्या दाराआड घरच्यांच्या मुताचं पिंप असायचं, आमच्याकडे जुन्या घरांत असायचंच. शिळं झालं की त्यात लोकर धुतात, तेल निघतं, लोकर दाट बसते. त्या पिंपात ती बाही सारून खुशाल हात बुडवायची. कामाच्या घाणीचं तिला कधीच काही वाटलं नाही. तिला शिसारी यायची ती जागा सोडलेल्या गोष्टींची. केस डोक्यावर आहे तोवर केस, लापशीत आला की वाटी बाजूला. आमच्या खोऱ्यात हिवाळी पाहुणे येऊ लागल्यावर अर्धं जगच जागा सोडून हिंडायला लागलं, आणि हेगेच्या नाकाला मग उसंत म्हणून मिळाली नाही.

तिच्या किळसेचं मूळ कळायचं तर आमच्या पुरुषांचा स्वेटर कळायला हवा. काळा स्वेटर, त्यावर पांढरे ठिपके पेरलेले. त्या ठिपक्यांना आम्ही उवा म्हणतो. गळ्याला आणि मनगटांना रंगीत भरतकामाची कापडी पट्टी. आणि कमरेच्या खाली चांगली दीड वीत नुसतं पांढरं, ना ठिपका ना रेघ. कारण सरळ आहे. काळ्याला रंग लागतो, रंगाला मेहनत लागते, आणि आमच्या पुरुषांची विजार पार काखेपर्यंत चढते, वरून खांद्यांवर गॅलीसचे पट्टे. म्हणजे ते पांढरं सगळं आत. जे कुणाला दिसायचं नाही त्याला कशाला रंगवत बसायचं? आणि कुणाचं दिसलंच, तर ते चड्डी दिसण्यापेक्षा निराळं नाही. बायका तोंड फिरवतात, पुरुष खोकतात, तो बिचारा विजार वर ओढतो.

लग्नाचा स्वेटर मात्र नवरीनं विणायचा, आणि त्यात एक गोष्ट जास्तीची. त्या पांढऱ्यात, डाव्या कमरेला एक आणि उजव्या कमरेला एक, अशी दोन छोटी काळी फुलं घालायची. हे चारचौघांत कुणी बोलत नाही. आई मुलीच्या कानात सांगते, आणि सांगून झालं की दोघी लाजतात. ती फुलं नवऱ्यानं पाहायची आणि बायकोनं, तिसऱ्या कुणी नाही, पोटच्या पोरांनीसुद्धा नाही. तो स्वेटर लग्नात अंगावर चढतो, मग पेटाऱ्यात जातो, आणि पुन्हा निघतो तो माणूस गेला की. तोच घालून त्याला पुरतात.

हेगेनं ओनुंदसाठी विणला तेव्हा ती एकोणीस-वीसची असेल. लग्नाच्या रात्री ओनुंदनं स्वेटर काढून समोर धरला आणि म्हणाला, “उलटी कशी गं विणलीस? सुलटी असतात म्हणे, माझा भाऊ म्हणत होता.”

“तुझा भाऊ कशाला बोलतो असलं?” हेगे फणकारली. “तू वरून बघणार ना? वरून सुलटी दिसतात का नाही?”

ओनुंदनं तो पुन्हा अंगावर चढवला, मान वाकवून बघितलं आणि मान डोलावली. पुढे कधी भांडण झालं की तो विजारीवर डाव्या कमरेला नुसतं बोट टेकवायचा, आणि हेगेला हसू यायचं. लेक तोर्लाइव विचारायचा, बाबांची कंबर दुखते का. दोघं म्हणायची, हो, दुखते.

असं त्यांचं चाललं होतं आणि मग वरच्या माळावर ते हॉटेल झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट, चार-पाच वर्षं आधीची. ओस्लोहून बस भरभरून माणसं येऊ लागली, बर्फात खेळायला. आमच्यासाठी स्की म्हणजे पायताण. दूध पोचवायला, सरपण आणायला, वेळ पडली तर मढं न्यायला. ही माणसं डोंगर चढायची, खाली घसरायची, आणि खाली आली की परत तोच डोंगर चढायची. ओनुंद दारात पाइप ओढत बघायचा आणि विचारायचा, “यांचं वर काही हरवलंय का?”

हेगे रोज हॉटेलात बकरीचं तपकिरी चीज पोचवायला जायची, त्यामुळे तिला सगळा तमाशा जवळून दिसायचा. पहिल्या वर्षी शहरातल्या बायका घागरे घालून घसरल्या. घागरा बर्फानं भरायचा, फुगायचा आणि बाई उलटी. दुसऱ्या वर्षी घागऱ्याच्या आत विजारी आल्या. तिसऱ्या वर्षी घागरा गेला आणि विजार राहिली, आणि तीही अशी घट्ट की बाई वाकली तर हेगे डोळे मिटून घ्यायची. तोंडाला तेल चोपडून त्या हॉटेलच्या लाकडी ओट्यावर ओळीनं पडायच्या, वाळत घातलेल्या माशांसारख्या, आणि उन्हात काळ्या व्हायच्या. काळं होणं म्हणे आता श्रीमंतीचं झालं होतं. संत्री सोलायच्या, साली बर्फात टाकायच्या. पांढऱ्या स्वच्छ बर्फावर त्या केशरी साली, त्यावर सिगारेटची थोटकं. “शी! जनावर बरं,” हेगे घरी येऊन सांगायची, “निदान एका कोपऱ्यात तरी करतं.”

आणि मग त्यांना आमचा स्वेटर आवडला.

आवडला तर आवडला. पण शहरातल्या विजारी कमरेपाशीच संपतात. गॅलीस नाही, काखेपर्यंत चढणं नाही, नुसता पट्टा. स्वेटर वरून सोडायचा. म्हणजे काय झालं? ते पांढरं बाहेर! पहिला असा माणूस दिसला तो कुणी वकील की डॉक्टर होता, चांगला पिकल्या मिशांचा. ओट्यावर उभा, हातात कॉफी, आणि दीड वीत आतलं जगासमोर मांडलेलं. हेगेला वाटलं बिचाऱ्याची विजार घसरली. दया येऊन ती जवळ गेली आणि हळूच म्हणाली, “मालक, तुमचं… खालचं दिसतंय.”

त्यानं खाली बघितलं, खूश होऊन वळला, मागचंही दाखवलं आणि म्हणाला, “झकास आहे ना?”

हेगे चीजची टोपली तिथेच टाकून निघाली. वाटेत दोनदा थुंकली.

पुढच्या वर्षी बायकांनीही घातला. पुरुषाचा स्वेटर, बाईच्या अंगावर, आणि आतलं बाहेर! ओस्लोतल्या एका दुकानानं खोऱ्यातल्या बायकांना विणकाम द्यायला सुरुवात केली. घराघरात सुया चालू झाल्या. तोर्लाइवचं जिच्याशी ठरलं होतं ती बिर्गित, हसरी, चटपटीत पोरगी, तीही विणायला लागली.

“मावशी, तुम्ही घ्या ना काम,” बिर्गित म्हणायची. “तुमच्यासारखा टाका कुणाचा आहे? त्यांना पांढरं दिसायला हवं एवढंच, बाकी आपलं नेहमीचंच.”

“त्यांना माझा परकर दिसायला हवा म्हणाले तर तोही टांगू का दारात?” हेगे म्हणाली.

“तुम्ही ना, मावशी! फॅशन आहे ती.”

“असेल. उवाही आहेतच की, घ्या म्हणावं त्या पण डोक्यात.”

तोर्लाइव तोवर हॉटेलात स्की शिकवायला लागला होता. देखणा पोरगा, बर्फावर पाण्यासारखा वाहायचा. शहरातल्या बायका त्याच्यामागे बदकांच्या पिल्लांसारख्या ओळ लावून चालायच्या. त्यांच्यात एक होती वेन्के म्हणून. तिचा नवरा जहाजांच्या धंद्यात कुठे तरी दूर, ती इथे. जी टूम निघायची ती तिच्यापासून सुरू व्हायची. तिनं टोपी वाकडी घातली की दुसऱ्या दिवशी ओट्यावरच्या सगळ्या टोप्या वाकड्या. तिला आता नवा स्वेटर नको होता. नवे सगळ्यांकडे होते. तिला जुना हवा होता, घातलेला, वापरलेला, “खऱ्या माणसाचा.” तिनं तोर्लाइवला गळ घातली, आणि बदल्यात आपल्या नवऱ्याचं निळं, वारा अडवणारं जाकीट देऊ केलं, पुढे गळ्यापासून खालपर्यंत चेन असलेलं. तसली चेन तोर्लाइवनं जवळून कधी पाहिली नव्हती. तो दिवसभर ती वरखाली करत हिंडला, असं लोक सांगतात.

ओनुंद तेव्हा अंथरुणाला खिळला होता. शरद ऋतूपासून छातीच्या दुखण्यानं धरलं होतं ते सोडेना. तोर्लाइव घरी आला, पेटारा उघडला. आत दोन काळे स्वेटर, घडी घातलेले. एक बाबांचा रोजचा, एक लग्नाचा. रोजचा आता कोण घालतंय, आणि वरचा तो रोजचाच असणार, असं धरून त्यानं वरचा उचलला. दोन्ही बाहेरून हुबेहूब एक. फरक होता तो आतल्या पांढऱ्यात, आणि ते पांढरं बघायचं नसतं हे तर लहानपणापासून त्याला शिकवलेलं. घडी न मोडता त्यानं तो बगलेत मारला. चांगल्या वळणाचा मुलगा होता, म्हणूनच फसला.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या सोमवारी सकाळी ओनुंद गेला. आदल्या दिवशी त्यानं हेगेला जवळ बोलावून डाव्या कमरेवर बोट टेकवलं होतं, आणि हेगे हसली होती, आणि मग बाहेर जाऊन रडली होती. पुरायचं ठरलं ईस्टरनंतर, कारण पाद्री तोवर मोकळा नव्हता. ओनुंदला कोठारातल्या थंडीत ठेवलं. हेगेनं त्याला आंघोळ घातली, दाढी केली, विजार घातली, आणि पेटारा उघडला.

तिनं स्वेटर काढला, झटकला, आणि पांढऱ्याकडे बघितलं. फुलं नव्हती.

“तोर्लाइव!”

तो आला तो निळ्या जाकिटात.

“दुसरा कुठाय?”

“कुठला दुसरा?”

“पेटाऱ्यात दोन होते. एक कुठाय?”

तोर्लाइवचा हात चेनीकडे गेला. “रोजचा ना? तो मी… आई, बाबा आता कुठे घालणार होते? मी वेन्केबाईंना दिला. लग्नाचा आहे की तुझ्या हातात.”

“हा रोजचा आहे.”

“तुला कसं कळतं? दोन्ही सारखेच तर…”

आता हेगे सांगणार काय? पोटच्या पोराला ती फुलांचं सांगणार? तिचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. “मला कळतं,” एवढंच ती म्हणाली. “बायकोला कळतं. आत्ता वर जा आणि घेऊन ये.”

“आई, दिलेली वस्तू परत कशी मागू? माझी नोकरी आहे तिथे. आणि कुणाला काय दिसणार आहे, सांग ना! स्वेटर स्वेटरच.”

हेगेनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. मग तिनं जुन्या रुंद स्की काढल्या, एकच दांडकं घेतलं, आणि घागऱ्यात, कमरेला नेहमीची कात्री लटकत होती तशीच, निघाली. तिला एकच गोष्ट हवी होती. ओनुंद तिचं काही अंगाला न लागता मातीत जाता कामा नये. बाकी हॉटेल बुडो की जळो.

ओट्यावर ऊन मी म्हणत होतं. तेलकट तोंडं, काळे चष्मे, संत्र्यांचा आणि सिगारेटचा वास. आणि मधोमध वेन्के, कठड्याला टेकून, ओनुंदचा लग्नाचा स्वेटर घालून.

हेगेनं आधी कमरेकडेच बघितलं. पांढरं बाहेर. आणि पांढऱ्यावर, घट्ट विजारीवर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, दोन काळी फुलं, उन्हात. एक बारीक मिशांचा माणूस, स्वेर्रे नावाचा, ओस्लोच्या त्या दुकानासाठी कपड्यांची चित्रं काढायचा, तो समोर वही घेऊन बसला होता. “हे काय गोड आहे!” तो म्हणत होता, आणि पेन्सिलीच्या टोकानं डावं फूल दाखवत होता, बोटभर अंतरावरून. “अगदी जिथे नजर जाते तिथे.”

हेगेला कुणी तिच्या पलंगावरची चादर बाजारात पसरून वर नाचावं तसं वाटलं. ती पायऱ्या चढून सरळ वेन्केसमोर उभी राहिली.

“तो काढ,” ती म्हणाली. हॉटेलातल्या पाहुण्यांना असं ‘तू’ कुणी म्हणत नसे.

वेन्के हसली. वाईट बाई नव्हती ती, उगाच कशाला खोटं बोलू. “तुम्ही तोर्लाइवच्या आई ना? किती छान स्वेटर दिलात! याला वास तरी काय येतो, अहाहा! डोंगराचा, गवताचा, असा प्रामाणिक वास!”

“तो मुताचा वास आहे,” हेगे म्हणाली.

ओट्यावर कुणीतरी फसकन हसलं. वेन्केच्या हातातली संत्र्याची फोड थांबली.

“माझ्या नवऱ्याचा आहे तो स्वेटर. नवरा आज सकाळी गेला. तो घालून त्याला पुरायचंय. चुकून आला इकडे. काढ.”

“गेला? म्हणजे… मेलेल्या माणसाचा?” वेन्केनं दोन्ही हात अंगापासून लांब धरले.

“तू घातलास तेव्हा जिवंत होता. आज त्याच्या अंगावर असायला हवा, तो तुझ्या अंगावर आहे.”

“अहो, पण इथे कसा काढू? आत काहीच नाही म्हणजे… रेशमी, अगदी बारीक…” आणि तिनं गळ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा हेगेनं पुढची बाजू नीट बघितली.

गळ्यापासून छातीपर्यंत स्वेटर उभा चिरलेला होता. चिरलेल्या कडांना चकचकीत चेन शिवली होती. रंगीत भरतकामाची पट्टी मधोमध कापून दोन तुकडे. गळ्यावर लाली, ओठांची. तोंडाच्या तेलाचे डाग उवांवर. हेगेनं वाकून नाक नेलं: अत्तर, सिगारेट, संत्रं. ओनुंद कुठेच नव्हता. हे त्याच्या छातीवर घालायचं? हे? ही चेन गळ्यापर्यंत ओढून त्याला देवासमोर पाठवायचं?

“थू!” हेगे म्हणाली. मग तिची नजर चिरलेल्या छातीवरून खाली गेली; पांढऱ्याला अजून कात्री लागली नव्हती.

“वरचं राहू दे तुला,” ती शेवटी म्हणाली. “ते आता तुमचंच झालं. खालचं माझं आहे. ते मी नेणार.” आणि तिनं कमरेची कात्री काढली.

“इथेच?” वेन्केचे डोळे मोठे झाले. मग, काय सांगू तुम्हाला, त्या डोळ्यांत मजा आली. “कापा! स्वेर्रे, बघतोयस ना? थांबा, मी कशी उभी राहू?”

“हात वर कर. हलू नको. हललीस तर कातडी जाईल.”

वेन्के हात वर करून उभी राहिली, आणि हेगे तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. गावातल्या कुणासमोर ती बाई कधी गुडघ्यावर बसली नव्हती. त्या घट्ट विजारीच्या कमरेशी तोंड, अत्तराचा भपका थेट नाकात. जिथे काळं संपून पांढरं सुरू होतं, बरोब्बर त्या ओळीवर तिनं कात्री लावली. लग्नाआधी पिंपात धुऊन दाट बसवलेली लोकर ती, उसवायची नाही. मेंढी कातरावी तशी ती वेन्केभोवती गुडघ्यांवर सरकत गेली. आजूबाजूला खुर्च्या ओढल्याचे आवाज, कुणीतरी कॅमेरा काढला, बायका खुसखुसत होत्या. हेगे कापत राहिली. शेवटचा टाका तुटला, मागून पांढऱ्याला एक उभी चीर दिली, आणि ते हेगेच्या मांडीवर पडलं. फुलं आत घेऊन तिनं त्याची गुंडाळी केली आणि पोलक्यात खुपसली.

“वळ जरा,” स्वेर्रेचा आवाज आला. हेगेला वाटलं तिला म्हणतोय. पण तो वेन्केला म्हणत होता. “पुन्हा वळ. अरे वा! आखूड! कमरेवर संपतो, सगळं काळं… पाय बघ किती लांब दिसताहेत!” आणि पेन्सिल कागदावर खरखरायला लागली.

हेगेनं मागे बघितलं नाही.

घरी येऊन तिनं ते पांढरं दाराआडच्या पिंपात बुडवलं. चोळलं, पिळलं, पुन्हा बुडवलं. अत्तर गेलं, संत्रं गेलं. ओल्या लोकरीला जुना ओळखीचा दर्प यायला लागला तेव्हा तिचा श्वास मोकळा झाला. बर्फावर चोळून, चुलीपाशी वाळवून ती कोठारात गेली, दार लावून घेतलं, आणि ओनुंदच्या कमरेला ते पांढरं बांधलं, फुलं डाव्या-उजव्या बाजूला, त्याच्याकडून सुलटी. वर रोजचा स्वेटर चढवला, आणि विजार काखेपर्यंत ओढून गॅलीस लावले. ईस्टर संपल्यावर त्याला पुरलं. लोक म्हणाले, ओनुंद किती नीटनेटका दिसतो. तोर्लाइव निळं जाकीट घरी ठेवून आला होता. तो रडला, आणि हेगेनं त्याला जवळ घेतलं. चिडून तरी किती दिवस राहणार, एकुलता एक पोरगा.

त्या शरदात तोर्लाइव आणि बिर्गितच्या लग्नाचा दिवस ठरला. लग्नाच्या सकाळी बिर्गित नवरदेवाचा स्वेटर घेऊन रीतीप्रमाणे हेगेच्या घरी आली. उन्हाळाभर तिला मान वर करायला फुरसत नव्हती, दुकानाचं काम रग्गड होतं, तरी हा तिनं वेगळा, मन लावून विणला होता. भरतकाम तर असं की हेगेचंही नाक गप्प बसलं. तोर्लाइव आतल्या खोलीत जाऊन तो घालून आला. खाली नवी शहरी विजार, पट्ट्याची. स्वेटर कमरेवर येऊन संपत होता. खाली काही नव्हतं. काळं संपलं की स्वेटरच संपला.

“बाकीचा कुठाय?” हेगेनं विचारलं.

“बाकीचा कुठला, मावशी?” बिर्गित हसली. “पांढरं आता कोण घालतं! स्वेर्रेसाहेबांनी चित्रच पाठवलं होतं सगळ्यांना, आखूडच विणा म्हणून. हॉटेलात वेन्केबाईंनी असा घातला आणि सगळ्यांनाच हवा झाला. लोकर कमी, काम कमी. आपली पोरंही आता असाच मागतात. मला वाटलं तुम्हाला आवडेल, तुम्हालाच तर त्या बाहेर लोंबणाऱ्या पांढऱ्याची किळस येते ना?”

तोर्लाइव बुटाची नाडी बांधायला वाकला. स्वेटर वर सरकला, विजार खाली सरकली, आणि मधली उघडी पाठ दिसली, गोरी, थंडीनं काटा आलेली. हेगेचा हात आपोआप पुढे गेला. पोरगा लहान असताना जायचा तसा, कापड खाली ओढून झाकायला. तिनं कड धरली. ओढण्यासारखं काही नव्हतं.

तो बाहेर गेल्यावर तिनं बिर्गितला बाजूला घेतलं. हे विचारायचं नसतं, पण तिनं विचारलं. “पोरी, तुझ्या आईनं तुझ्या कानात काही सांगितलं नाही का? विणायला बसलीस तेव्हा?”

बिर्गितचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

“सांगितलं ना,” ती खाली बघत म्हणाली. “दोन फुलांचं ना? मी कागदावर काढूनसुद्धा ठेवली होती. पण मावशी, घालायची कुठे?”

ओट्यावर गुडघ्यांवर सरकत आपण काय कापलं ते हेगेला आत्ता कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची शिसारी आली. बाहेर फिडल सुरू झालं होतं, लोक नवरदेवाच्या नावानं हाका मारत होते, आणि तोर्लाइव थंडीत कंबर उघडी टाकून हसत हसत चर्चच्या वाटेला लागला.